समुद्राकाठची गॅलरी आणि डोंगरातली भिंत

सुरगाण्याला समुद्र नाही, पण सुरगाण्याचं पाणी समुद्राला जातं. गोदावरी त्र्यंबकला जन्म घेते आणि जवळच्या अरबी समुद्राकडे पाठ फिरवून थेट बंगालच्या उपसागरापर्यंत चालत जाते, हे आपण शाळेत शिकलो. सुरगाणा-पेठच्या डोंगरातल्या नार-पार मात्र पश्चिमेची वाट धरतात. नार पारला मिळते आणि पार वलसाडच्या बाजूला अरबी समुद्राला. पाण्यामागोमाग माणसंही उतरतात. भात घरात आला की कोणी द्राक्षबागांत, कोणी गुजरातेत, तर कोणी मुंबईकडे कामाला जातो. श्रोतेहो, गेल्या पन्नास वर्षांत या डोंगरपट्ट्यातली चित्रंही समुद्राकाठी गेली. तिथल्या आर्ट गॅलरीच्या पांढऱ्या भिंतीवर ती लागली, विकली गेली, परदेशात पोचली. ज्या शहरात ती गेली त्या शहरात गॅलरी या गोष्टीवरून पुष्कळ भांडणं झाली आहेत. गॅलरी हवी की नको, ती कोणाच्या जागेवर, कोणाच्या पैशाने, आणि तिच्या भिंतीवर काय लावायचं हे ठरवणार कोण? ही भांडणं वरवर मुंबईची असली, तरी त्यांचा एक धागा आपल्या कुडाच्या भिंतीपर्यंत येतो. आज त्याच धाग्याने जाऊ या.

सुरुवात करावी लागते ती काळ्या घोड्यापासून. मुंबईच्या त्या चौकात सातव्या एडवर्ड राजाचा काळ्या घोड्यावरचा पुतळा होता. १९६५ साली तो उचलून भायखळ्याच्या जिजामाता उद्यानात नेला. राजा गेला, घोडा गेला, पण जागेला नाव चिकटलं ते चिकटलंच. या चौकालगत, तेव्हाच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमच्या, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या कडेला, जहांगीर आर्ट गॅलरी उभी आहे. जानेवारी १९५२ मध्ये मुंबई राज्याचे मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं.

त्याआधी मुंबईत चित्रकार नव्हते असं नाही. सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ पासून होतं. बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ साली निघाली आणि तिची वार्षिक प्रदर्शनं भरत असत. पण नुकता शिकून बाहेर पडलेला, खिशात दमडी नसलेला पोरगा आपली वीस-पंचवीस चित्रं घेऊन जाणार कुठे? त्याच्यासाठी कायमची जागा नव्हती. कृ. हो. आरा हे त्या पिढीतलं मोठं नाव. आरांनी आयुष्याची कित्येक वर्षं घरगडी म्हणून, मोटारी धुण्याची कामं करून काढली. अशा माणसाला प्रतिष्ठितांच्या सोसायटीचा दरवाजा ठोठावायचा म्हणजे काय, याची कल्पना आपण करू शकतो.

या पोरांना पहिली भिंत दिली ती एका चौकटी विकणाऱ्या माणसाने. केकू गांधी हे पारशी गृहस्थ. फोटोंना आणि चित्रांना चौकटी बनवण्याचा त्यांचा धंदा होता, केमोल्ड नावाचा. हे नावसुद्धा ‘केमिकल मोल्डिंग’ या अगदी कारखानी शब्दांवरून आलेलं. दुकानाच्या दर्शनी काचेत रिकाम्या चौकटी ठेवण्यापेक्षा त्यांत या पोरांची चित्रं लावावीत, असं त्यांनी केलं. आरा, हुसेन यांची चित्रं त्या काळात रस्त्यावरून जाणाऱ्या-येणाऱ्यांनी पाहिली ती अशी, चौकट विकण्याचं निमित्त म्हणून. हा चौकटीचा मुद्दा लक्षात ठेवा. तो पुढे वेगळ्या रूपात भेटणार आहे.

शहराला स्वतंत्र कलादालन हवं हा आग्रह चित्रकार कृष्ण हेब्बर यांनी धरला, शास्त्रज्ञ होमी भाभा यांनीही धरला. भाभा स्वतः चित्रं काढत, हे अनेकांना ठाऊक नसतं. पण सरकारच्या तिजोरीकडे चित्रांसाठी बघावं असे ते दिवस नव्हते. फाळणीनंतरचे निर्वासित मुंबईत येत होते, धान्य रेशनवर होतं. आपल्याकडे म्हणतात ना, सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही. तो पैसा दिला सर कावसजी जहांगीर यांनी. त्यांचा मुलगा जहांगीर अकाली गेला होता, त्याच्या स्मरणार्थ त्यांनी ही वास्तू बांधून दिली. दुर्गा बाजपेयी या वास्तुविशारदाने जुन्या दगडी इमारतींच्या शेजारी काँक्रीटची, पुढे लाटेसारखं छत आलेली इमारत उभी केली. म्हणजे एका बापाच्या दुःखातून मुंबईच्या चित्रकारांना भिंत मिळाली. मला ही हकीकत महत्त्वाची वाटते ती एवढ्यासाठी, की या गॅलरीचा पायाच मुळी ‘कोणीही अर्ज करावा, निवड झाली की भाडं भरून आठवडाभर आपली चित्रं लावावीत’ असा पडला. सांगली, नागपूर, नाशिकच्या चित्रकारांनी तिथे वर्षानुवर्षं रांगा लावल्या. नंबर लागेपर्यंत केस पांढरे होतात असं त्यांच्यात चेष्टेने म्हटलं जाई. तरी रांग होती, म्हणजे दार उघडं होतं.

गॅलरी उघडून दोन-सव्वादोन वर्षं होत नाहीत तोच पहिला मोठा खटका उडाला. १९५४ साली अकबर पदमसी या तरुण चित्रकाराच्या प्रदर्शनात पोलीस आले. एका स्त्री-पुरुषाचं चित्र अश्लील आहे, ते उतरवा, असं त्यांचं म्हणणं. पदमसींनी नकार दिला. खटला झाला, पदमसी निर्दोष सुटले, सरकार वरच्या कोर्टात गेलं, तिथेही निकाल चित्रकाराच्याच बाजूने लागला. तपशिलात शिरत नाही. पण भिंत कोणाची या प्रश्नाचं एक उत्तर त्या निकालाने दिलं. पोलिसाला चित्र आवडलं नाही म्हणून ते उतरवता येत नाही.

आता आपल्या गोष्टीकडे येतो. १९६३ साली केकू गांधी आणि त्यांच्या पत्नी खोर्शेद यांनी जहांगीरच्याच पहिल्या मजल्यावर आपली छोटी गॅलरी सुरू केली. नाव तेच, केमोल्ड. आणि १९७५ साली या केमोल्डच्या भिंतीवर डहाणूजवळच्या गंजाड गावच्या जिव्या सोमा मशे या वारली माणसाची चित्रं लागली. गेरूच्या रंगावर पांढऱ्या रेषा, दोन त्रिकोण टोकाला टोक लावून केलेला माणूस, तारप्याभोवती गोल फिरणारी नाचाची साखळी. आज हे सगळं चहाच्या कपावर, साडीच्या पदरावर, सरकारी कचेरीच्या भिंतीवर दिसतं, म्हणून त्यात नवल वाटत नाही. १९७५ मध्ये मुंबईच्या प्रेक्षकाला ते पूर्ण नवं होतं.

ते तिथवर पोचलं कसं, ही हकीकत सांगण्यासारखी आहे. भास्कर कुलकर्णी नावाचे एक चित्रकार होते, जे. जे. मध्ये शिकलेले, स्वभावाने भटके. बिहारमध्ये १९६६-६७ चा दुष्काळ पडला तेव्हा पुपुल जयकर यांनी त्यांना मिथिलेत पाठवलं. तिथल्या बायका घराच्या भिंतीवर चित्रं काढत. कुलकर्ण्यांनी त्यांना कागद दिला. भिंतीवरचं चित्र कागदावर आलं की विकता येतं, दुष्काळात घरात दोन पैसे येतात, असा साधा हिशेब. तो जमला. त्यातून सीतादेवी, गंगादेवी, जगदंबादेवी अशी नावं देशाला माहीत झाली. जगदंबादेवींना तर पद्मश्री मिळाली. पुढे सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला महाराष्ट्रात दुष्काळ पडला, ७२ चा दुष्काळ आपल्या घरातली म्हातारी माणसं विसरलेली नाहीत, आणि हेच कुलकर्णी वारल्यांच्या पाड्यांवर आले.

वारल्यांकडे चित्र म्हणजे आधी लग्नाचा चौक. घराची भिंत शेणामातीने सारवायची, गेरूने लाल करायची आणि तिच्यावर तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या पाण्याने चौक लिहायचा. लिहायचा हो, काढायचा नाही. तो लिहितात सुवासिनी. चौकाच्या मध्यभागी पालघट देवी. शेजारी लहान देवचौक, त्यात घोड्यावरचा पंचशिऱ्या. धवलेरी गाणी म्हणते. चौक झाल्याशिवाय लग्न लागत नाही. आणि लग्न झालं की चौकाचं काम संपतं. पावसाळ्यात भिंत पडते, पोपडे निघतात, नवीन लग्नाला नवीन चौक. त्यावर कोणाचं नाव नसतं. अमक्या बाईने लिहिलेला चौक म्हणून तो कोणी जपून ठेवत नाही. गावात सगळ्यांना ठाऊक असतं कोणाचा हात चांगला आहे ते, पण ते ज्ञान गावातच राहतं.

कुलकर्ण्यांनी इथेही कागद दिला. आणि इथे मिथिलेच्या उलट घडलं. इथे पुढे आला तो एक पुरुष. जिव्याला लग्नाच्या चौकाशिवायही, रोज, कारण नसताना चित्रं काढायची सवय होती. लहानपणी आई गेली आणि तो काही वर्षं बोलायचाच थांबला, मातीत बोटाने चित्रं काढून सांगायचा, असं त्याच्याबद्दल सांगितलं जातं. शेतं, कोळ्यांची जाळी, मुंग्यांच्या रांगा, आगगाडी, काहीही त्याच्या रेषेत बसे. त्याच्या हातात कागद पडला आणि पुढचं सगळं घडलं. १९७६ साली राष्ट्रीय पुरस्कार, १९८९ साली पॅरिसच्या पोंपिदू केंद्राच्या मोठ्या जागतिक प्रदर्शनात चित्रं, २०११ साली पद्मश्री. मे २०१८ मध्ये ते वारले. एका पाड्यावरचा माणूस काळ्या घोड्याच्या पहिल्या मजल्यावरून पॅरिसपर्यंत गेला, हा पराक्रम लहान नाही, आणि त्याला नावं ठेवण्याचा माझा हेतूही नाही.

पण केमोल्डच्या भिंतीजवळ क्षणभर थांबू या. गॅलरीत चित्राखाली एक चिठ्ठी असते. तीवर चित्रकाराचं नाव, चित्राचं नाव, माध्यम, लांबी-रुंदी आणि किंमत. चौकाला यातलं एकही लागू होत नाही. चौकाला नाव नाही, माप भिंतीएवढं, किंमत नाही, आणि चित्रकार एक नसून चार-पाच जणी. गॅलरीला नाव लागतं. नावाशिवाय ती चिठ्ठी पुरी होत नाही, पावती फाडता येत नाही. म्हणून ज्या कलेत शेकडो वर्षं बायकांचे हात होते, ती कला बाहेरच्या जगात पहिल्यांदा गेली ती पुरुषाच्या नावाने. त्यानंतर बरीच वर्षं वारली चित्रकार म्हटलं की पुरुषाचंच नाव पुढे येई. अलीकडे पाड्यांवरच्या मुली-बाया कागदावर काम करतात, सही करतात, हे चांगलंच आहे. पण जिने आयुष्यभरात शंभर लग्नांचे चौक लिहिले ती सुवासीण कोणत्याही सूचीत नाही. मुंबईच्या वर्तमानपत्रांत गॅलरीबद्दल जेवढे वाद गाजले, त्यांत हा वाद मला कुठे सापडत नाही. चौकाची चौकट झाली तेव्हा सुवासिनींना कोणी विचारलं नाही.

याच्या दुसऱ्या बाजूलाही वजन आहे, ते नाकारून चालणार नाही. कागद मिळाला नसता तर काय झालं असतं? सिमेंटच्या भिंती आल्या, लग्नाच्या पत्रिका छापल्या जाऊ लागल्या, मंडप आले, डीजे आला. चौक लिहिण्याची कला कदाचित फक्त पुस्तकात उरली असती. यशोधरा दालमिया यांनी १९८८ साली वारल्यांच्या चित्रांवर पुस्तक लिहिलं तेव्हा दाखवण्याजोगं जिवंत काही होतं, याचं बरंचसं श्रेय त्या कागदाला आहे. २०१४ साली वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे ही कला कोणत्या मुलखाची हे कायद्याच्या कागदावर आलं. त्यासाठी धडपड केली ती डहाणूच्याच आदिवासी तरुणांच्या संघटनेने. गॅलरीने नाव मागितलं, तरुणांनी ते नाव सगळ्या समाजासाठी मागून घेतलं. मला हे उत्तर फार आवडतं.

मुंबईत यानंतर दोन मोठे वाद झाले, ते थोडक्यात सांगतो. कावसजी जहांगीर घराण्याच्याच देणगीतून १९११ मध्ये जॉर्ज विटेट या वास्तुविशारदाच्या आराखड्याने एक सार्वजनिक सभागृह बांधलं होतं. सभा, भाषणं, गाण्याच्या मैफिली तिथे होत. पुढे नवी नाट्यगृहं झाली, सभागृहाची रया गेली आणि तिथे विक्रीची प्रदर्शनं लागू लागली. मग तिथे आधुनिक कलेचं राष्ट्रीय संग्रहालय करावं अशी खटपट सुरू झाली. केकू गांधी पुन्हा पुढे होतेच, शिल्पकार पिलू पोचखानावाला होत्या. पिलूबाई १९८६ साली गेल्या, त्यांना ते काही बघायला मिळालं नाही. बारा वर्षं घासाघीस चालली. शहराची बोलण्याची, ऐकण्याची जागा काढून घेऊन तिथे बघण्याची जागा करायची का, असा तो पेच होता. १९९६ च्या डिसेंबरात संग्रहालय उघडलं. आत गोल जिना, घुमटाखाली दालन, बाहेरून जुनीच भिंत.

त्याच घुमटाखाली फेब्रुवारी २०१९ मध्ये प्रभाकर बरवे यांच्या चित्रांचं मोठं प्रदर्शन भरलं. बरवे म्हणजे अलिबागजवळच्या समुद्राकाठच्या नागाव गावात जन्मलेले, ‘कोरा कॅनव्हास’ हे पुस्तक मराठीत लिहिणारे चित्रकार. उद्घाटनाला अमोल पालेकर बोलायला उभे राहिले. संग्रहालयाची स्थानिक कलावंतांची सल्लागार समिती का उरली नाही, इथे काय लागणार हे आता दिल्लीत ठरणार का, असं ते विचारू लागले. त्यांना अडवण्यात आलं आणि बरव्यांबद्दलच बोला असं सांगण्यात आलं. दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्तमानपत्रांत ती बातमी. कोणाची बाजू बरोबर यावर लोक आपापल्या परीने बोलले. मला एवढंच जाणवलं की मुंबईच्या कलावंतांना त्या दिवशी जे वाटलं, म्हणजे आपल्या भिंतीवर काय लागणार हे लांब बसून कोणी तरी ठरवतंय, ते डोंगरातल्या माणसाला फार आधीपासून ठाऊक आहे. त्याला आपलं म्हणणं मांडायला घुमट आणि ध्वनिक्षेपक मिळाला नव्हता, एवढाच फरक.

आता थोडं दूर, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर जाऊ या, कारण तिथला वाद सुरगाण्याच्या फार जवळचा आहे. हेस्टिंग्ज हे समुद्राकाठचं जुनं गाव. तिथे बंदर नाही. मच्छीमार आपल्या होड्या सरळ वाळूवरून पाण्यात लोटतात आणि परत वाळूवर ओढून घेतात. जाळी ठेवायला काळ्या लाकडी उंच खोपटी आहेत. या किनाऱ्याला लागून सहलीच्या बसगाड्या उभ्या करायची मोकळी जागा होती. तिथे एका श्रीमंत प्रतिष्ठानाने आपल्या संग्रहासाठी गॅलरी बांधायचं ठरवलं. गाव दुभंगलं. मच्छीमार म्हणाले, बसगाड्या आल्या तर माणसं येतील, माणसं आली तर मासळी खपेल, गॅलरी आमच्या कोणत्या कामाची? दुसरे म्हणाले, गॅलरी आली तर गावाचे दिवस पालटतील. घरांच्या खिडक्यांत विरोधाच्या पाट्या लागल्या. शेवटी मार्च २०१२ मध्ये गॅलरी उघडली. जाळ्यांच्या खोपटांशी जुळावी म्हणून तिला बाहेरून काळ्या फरशा लावल्या होत्या, म्हणजे शेजाऱ्यांचा राग थोडा तरी निवावा ही इच्छा असावी. गंमत पुढे आहे. २०१९ साली त्या प्रतिष्ठानाने अंग काढून घेतलं आणि ज्या संग्रहासाठी इमारत उभी राहिली तो संग्रहही गेला. इमारत गावात राहिली, नाव बदललं, नव्या प्रदर्शनांनी ती चालू राहिली.

मच्छीमारांचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. सुरगाण्यात उद्या कोणी कलादालनाची गोष्ट काढली तर पहिला प्रश्न हाच येईल, आणि यायलाच हवा. २०२२ च्या अखेरीस आपल्या तालुक्यातल्या सीमेवरच्या काही गावांनी म्हटलं होतं, रस्ता, पाणी, दवाखाना मिळत नसेल तर आम्हाला गुजरातेत जाऊ द्या. १९४८ साली सुरगाण्याच्या देशमुखांचं संस्थान विलीन झालं, त्याला इतकी वर्षं लोटल्यावरची ही गोष्ट. उन्हाळ्यात हंडाभर पाण्यासाठी दरीत उतरणाऱ्या बाईला कलादालनाबद्दल विचारायला जाणाऱ्याने आधी पायातली चप्पल काढून ठेवावी.

तरीही प्रश्न मिटत नाही, कारण आपल्याकडच्या वस्तू तर चालल्याच आहेत. हाटगडाच्या पायथ्यापासून पाच-सहा किलोमीटरवर सापुतारा आहे. तिथे गुजरात सरकारचं डांगी लोकजीवनाचं संग्रहालय आहे. डांगातला कोकणा आणि सुरगाण्यातला कोकणा हे एकाच घरचे, मध्ये सीमा आली १९६० साली. पुण्याला आदिवासी संशोधन संस्थेचं संग्रहालय आहे, तिथे मुखवटे आहेत. म्हणजे आपल्याकडचं सोंग बघायला आपल्या पोराने घाट उतरून पुण्याला जावं, नाहीतर घाट चढून सापुताऱ्याला.

सोंग म्हणतोय ते बोहाड्याचं. कोणी भवाडा म्हणतं, कोणी भोवाडा. होळीनंतरच्या दिवसांत, शेतं रिकामी असताना, गावोगाव रात्री जागतात. सांबळ आणि पिपाणी वाजू लागते, मशाली पेटतात, आणि आधी गणपती येतो, मग शारदा, मग एकेक करून सोंगं येत राहतात. रावण, भीम, नरसिंह, वेताळ. कागदाच्या लगद्याचे किंवा लाकडाचे हे मुखवटे चांगले वजनदार असतात. ते तोंडाला बांधून गावाच्या वाटेवर पुढे-मागे नाचत जायचं म्हणजे मानेचं काम आहे. पहाटे पहाटे देवी येते, महिषासुराशी तिचं युद्ध होतं आणि बोहाडा संपतो. अनेक गावांत एकेका सोंगाचा मान एकेका घराकडे असतो. मुखवटा त्या घरात राहतो, त्याची पूजा होते, सणाआधी त्याला नवा रंग चढतो.

संग्रहालयाच्या माणसाला हा नवा रंग बघून धस्स होतं. त्याच्या दृष्टीने जुना रंग हाच ठेवा. घरातल्या माणसाच्या दृष्टीने रंग न चढवलेला मुखवटा म्हणजे आजारी देव. दोघंही आपापल्या जागी खरे आहेत. पण मुखवट्याला वाळवी लागते, उंदीर कुरतडतात, छप्पर गळतं, आणि शहरातून जुन्या वस्तू गोळा करत फिरणारा माणूस पाचशेची नोट काढतो, हेही तितकंच खरं. त्या नोटेपुढे कोणाचं घर अडचणीत असेल तर त्याला दोष कसा देणार?

मार्ग शोधायला फार लांब जायला नको. आपल्याच जिल्ह्यात त्र्यंबकेश्वराचा सोन्याचा पंचमुखी मुखवटा एरवी कडीकुलपात असतो आणि दर सोमवारी पालखीत बसून कुशावर्तावर जातो, लोक दर्शन घेतात, पालखी परत येते. देवाची मौल्यवान वस्तू राखायची कशी आणि वापरायची कशी, हे आपल्याकडे चोख बसवलेलं आहे. सुरगाण्यात, एखाद्या आश्रमशाळेच्या किंवा पंचायतीच्या एका कोरड्या खोलीत, वाळवी लागणार नाही अशा फळ्यांवर मुखवटे ठेवले आणि ज्या घरचा मुखवटा त्या घरचं नाव खाली लिहिलं, तर त्याला कोणी आर्ट गॅलरी म्हणो न म्हणो. चिठ्ठीवर किंमत नको. मुखवटा कोणी केला ते माहीत असेल तर तेही लिहावं, आणि पाड्यावर कोणी सुवासीण चौक लिहीत असेल तर एक भिंत सारवून तिच्यासाठी कोरी ठेवावी. होळी झाली की ज्याचा मान त्याने येऊन आपलं सोंग घेऊन जावं, हवा तो रंग चढवावा, रात्रभर नाचवावं आणि देवीचं युद्ध झालं की परत आणून ठेवावं. तेवढे दिवस त्या फळ्या रिकाम्या दिसतील. शाळेतली पोरं विचारतील, मुखवटे कुठे गेले, आणि गुरुजींना सांगता येईल की ते बोहाड्याला गेलेत.